फुंकणीवाल्या अण्णांचा दम

गल्लीत दागिने दुरुस्त करणारे तिघे होते. पण केसासारख्या बारीक साखळीचा सांधा जोडायचा असला की बाकीचे दोघेही गिऱ्हाइकाला सरळ अण्णांकडे पाठवायचे. ते दोघे गॅसची बंदूक वापरायचे, अण्णा तोंडाने फुंकायचे. समोर तेलाचा छोटा दिवा, ओठांत पितळेची वाकडी फुंकणी, आणि तिच्यातून निघालेली हवेची धार ज्योतीला आडवी करून नेमकी सांध्यावर नेऊन सोडायची. गाल फुगलेले, नाकाने श्वास आत चालू आणि तोंडाने फुंक बाहेर चालूच. एकदा सुरुवात केली की दोन-दोन मिनिटं ज्योत जागची हलायची नाही. गल्लीने त्यांना फुंकणीवाले अण्णा म्हणावं यात नवल ते काय!

आणि या फुंकणीनेच सगळा घोळ केला. अण्णा दिवसाला पंधरा-सोळा सिगारेटी ओढायचे आणि कुणी काही बोललं की त्यांचं उत्तर तयार असायचं. "सिगारेट बाधते ती खुर्चीत बसून ढेरी वाढवणाऱ्यांना. त्यांची फुप्फुसं गंजलेली असतात. माझी दिवसभर तालमीत असतात! धूर आत टिकतो कुठे? गेला फुंकणीतून बाहेर!" हे शास्त्र त्यांना कोणी शिकवलं देव जाणे, पण सांगायचा थाट असा की ऐकणारा गप्प. समोरच्या दुकानातला घड्याळवाला, अण्णांचा लहानपणापासूनचा दोस्त, हा त्या शास्त्राचा पहिला शिष्य. फरक इतकाच की त्याच्याकडे फुंकणी नव्हती, नुसतीच सिगारेट होती.

कामाची रीतही सिगारेटीच्या सोयीची. सांधा जोडला की डाग, म्हणजे दागिना, काळा पडतो. तो सौम्य आम्लाच्या वाटीत टाकायचा आणि काळं निघेपर्यंत हात बांधून बसायचं. अण्णा हात बांधून बसणारे नव्हेत. दिव्याच्या त्याच ज्योतीवर सिगारेट पेटवायची, उंबऱ्यात उभं राहायचं, समोरून घड्याळवाल्याने डोळ्याचं भिंग वर सरकवून यायचं, आणि दोघांनी मिळून जगाची उठाठेव करायची. एका सांध्याला एक सिगारेट, असा हिशेब चाळीस वर्षं बिनबोभाट चालला.

दम लागायला लागला तो काही एका दिवसात नाही. आधी वरच्या खोलीचा जिना चढताना लागला, तेव्हा अण्णांनी जिन्याला नावं ठेवली. मग अंघोळ करताना लागला, तेव्हा हवा कुंद होती. मग बूट घालायला वाकताना लागला, तेव्हा शर्टाची कॉलर आखूड निघाली. जिला सारी गल्ली काकू म्हणायची ती त्यांची बायको हे सगळं बघत होती. "कॉलर गळ्याला असते, फुप्फुसाला नाही," ती म्हणायची. अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. बिननाडीचे बूट आणले आणि प्रश्न मिटला म्हणाले.

प्रश्न मिटला नव्हता. एक दिवस शेजारच्या शाळेतल्या बाई नाजूक साखळी घेऊन आल्या, तुटलेली, आईची आठवण. अण्णांनी झाळ नीट धरावी म्हणून सांध्याला टाकणखार लावला, फुंकणी ओठांत धरली आणि ज्योत आडवी केली. अर्ध्या मिनिटात छाती आवळली. नाकाने घेतलेला श्वास आत पोचेचना. कसाबसा गिळला तर आतून खोकला उसळला, फुंकणीतून एकच झोत बाहेर पडला, आणि ज्योत भस्सकन पसरली. बाईंच्या डोळ्यांदेखत साखळीच्या तीन कड्या वितळून त्यांचा एक ओबडधोबड मणी झाला. चाळीस वर्षांत हे पहिल्यांदा घडलं होतं. बाई बिचाऱ्या "असू दे हो" म्हणाल्या. अण्णा वीस मिनिटं खोकत बसले आणि नंतर कोणाकडे मान वर करून बघेनात.

त्यांनी नव्या कड्या घडवून साखळी पूर्ववत करून दिली, पण गॅसवाल्याकडे जाऊन. ती लाज त्यांना साखळीपेक्षा जड गेली.

"उद्या दवाखाना," काकू म्हणाली. "नाहीतर मी चालले माहेरी."

"माहेरी कोण आहे आता तुझं?"

"कुलूप आहे. त्याच्याबरोबर राहीन. ते तरी सिगारेट ओढत नाही."

दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांनी आधी फुंकायची तपासणी सांगितली. एक यंत्र, त्याला जाड नळी, आणि यंत्रापाशी एक चष्मेवाली मुलगी. नळी बघताच अण्णा खुलले. ही तर आपल्या घरची गोष्ट! ती म्हणाली, "काका, पूर्ण श्वास भरा आणि एकदम जोरात, सगळा, संपेपर्यंत बाहेर टाका." अण्णांनी नळी ओठांत धरली, गाल फुगवले आणि सोडली एक संथ, एकसारखी, रेशमासारखी फुंक. वर नाकाने गुपचूप भरणंही चालू. यंत्रावरची रेघ सरळ धावत सुटली आणि थांबायचं नाव घेईना.

मुलगी यंत्राकडे बघे, अण्णांकडे बघे. "काका, हे काय करताय?"

"फुंकतोय."

"नाक बंद करा. आणि जोरात!"

"पोरी, जोरात फुंकलं की सांधा वितळतो," अण्णांनी तिला धंद्यातलं गुपित सांगितलं.

तिने शेवटी त्यांच्या नाकाला चिमटा लावला. मग खरं काय ते बाहेर आलं, म्हणजे आलंच नाही. गालातली हवा संपली आणि मागून काही येईना. छातीतून शिट्टीसारखा आवाज आला आणि रेघ चढण्याआधीच लोळली. तीनदा फुंकायला लावलं, तिन्ही वेळा तेच. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, अण्णांचं तर चाळीस वर्षांचं शास्त्र उघडं पडलं.

डॉक्टर मोजकं बोलणारे होते. "काका, फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या आखडल्यात. हा जुनाट आजार आहे, सिगारेटचा. गेलं ते परत येणार नाही. फुंकणीने फुप्फुसं धडधाकट राहिली नाहीत, गालांनी झाकून नेलं इतकंच. आता उरलंय ते जपायचं." मग त्यांनी अण्णांच्या बोटाला एक छोटा चिमटा लावला. त्यावर नव्वद आकडा आला. "रक्तातला प्राणवायू. हा अठ्ठ्याऐंशी किंवा त्याखाली गेला आणि तिथेच राहिला, तर घरी ऑक्सिजनचं यंत्र लावावं लागेल. नाकाला नळी, दिवसाचे पंधरा-सोळा तास. तुम्ही काम कुठे करता?"

"घरातच. पुढच्या खोलीत."

"ज्योतीवर?"

"दिवा नसेल तर सोनार कसला?"

"मग हे नीट ऐका. ऑक्सिजन आला की घरात ज्योत नाही. भडका उडतो. स्वयंपाक विजेच्या शेगडीवर होईल. तुमचा दिवा मात्र कायमचा बंद."

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. मरणाबद्दल कोणी बोललं असतं तर त्यांनी चेष्टेवारी नेलं असतं. मरायचं आहे ते सगळ्यांनाच. पण जिवंत राहायचं, रोज सकाळी त्या कामाच्या पाटापाशी यायचं, आणि दिवा लावायचा नाही? नव्वद आणि अठ्ठ्याऐंशी यांच्यात दोन आकडे होते. त्या दोन आकड्यांवर त्यांचा सगळा जन्म येऊन टेकला होता. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू, डॉक्टर म्हणाले, आणि सिगारेट आजपासून बंद.

बंद म्हणणं सोपं हो! डॉक्टरांनी दंडावर चिकटवायच्या पट्ट्या दिल्या आणि तलफ आली की चघळायची गोळी दिली. गोळी पहिल्याच दिवशी अण्णांच्या कवळीला अशी चिकटली की कवळी काढून ती चिमट्याने खरवडावी लागली. गोळी गेली, पट्टी राहिली. पहिले चार दिवस अण्णा घरात फणफणत फिरले. चहा पाणचट, बायको बोलकी, उशी कडक, सगळ्यांचं चुकत होतं. सर्वात वाईट वेळ आम्लाच्या वाटीची. डाग वाटीत पडला की हात आपोआप खिशाकडे जायचा. खिशात काही नाही. हाताला हे पटेचना.

अकराव्या दिवशी हात जिंकला. काकू बाजारात गेली होती. अण्णा रस्ता ओलांडून घड्याळवाल्याकडे गेले आणि म्हणाले, "एक दे." त्याने दिली. दोस्ताने मागितली तर नाही कसं म्हणायचं, हे त्याचं शास्त्र. अण्णांनी अर्धी ओढली, आणि जो काय खोकला सुरू झाला! डोळे पांढरे झाले, ओठ जांभळे पडले. घड्याळवाल्याने त्यांना खुर्चीत बसवलं, डॉक्टरांनी दिलेला औषधाचा पंप तोंडाला लावला, आणि त्याच्या दुकानातली वीसच्या वीस घड्याळं चालू असताना त्याचं काळीज बंद पडायची वेळ आली.

काकू पिशवी घेऊन परतली ती नेमकी तेव्हाच. ती ओरडेल असं दोघांना वाटलं. ती ओरडली नाही. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "मला विधवा व्हायची भीती नाही वाटत. भीती वाटते ती तुम्ही दिव्याशिवाय कसे जगाल याची. मला नाही बघवणार ते." आणि पिशवी उचलून घरात गेली.

अण्णांना चार शिव्या परवडल्या असत्या. त्यांनी घड्याळवाल्याकडे बघितलं. घड्याळवाल्याने खिशातलं पाकीट काढलं, बघितलं आणि परत खिशात ठेवलं. "मी काही सोडत नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला, "पण तुझ्यासमोर ओढली तर माझ्या हाताची घड्याळं उलटी फिरोत." तेव्हापासून तो ओढायला दुकानाच्या मागच्या दाराने जायला लागला, तेही भर उन्हात, बिनसावलीच्या बोळात. अण्णांनी पुढे एकही सिगारेट ओढली नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ना? या खोडीला अण्णांनी जिवंतपणीच पोचवलं.

पण सिगारेट सुटली म्हणून दम परत येत नाही. दवाखान्याच्या तळमजल्यावर श्वासाचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती, वयाने अण्णांच्या धाकट्या भाचीएवढी. आठवड्यातून दोनदा तिच्याकडे जायचं. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काका, नाकाने श्वास घ्या, ओठांचा चंबू करा आणि हळूहळू सोडा."

अण्णा हसले. "मला शिकवतेस? अगं, या ओठांनी चाळीस वर्षं हेच केलंय." आणि त्यांनी करून दाखवलं.

तिने त्यांच्या बरगड्यांवर हात ठेवून बघितलं. "हे चूक आहे."

चूक! अण्णांना कोणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. "यात चूक काय आहे?"

"तुम्ही सोडत नाही, काका. ओठांतून थोडी सोडता आणि नाकाने लगेच भरून घेता. आत जुनी हवा तशीच तुंबून राहते. तुमच्या आजारात दुखणं तेच आहे. हवा आत जात नाही असं वाटतं, पण खरं म्हणजे आतली बाहेर पडत नाही. भरलेल्या हंड्यात तुम्ही पाणी ओतताय. आधी रिकामं व्हा."

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. इथे एका पोरीने सोनाराचे कान टोचले. घरी येऊन अण्णा पाटापाशी बसून राहिले. फुंक तुटू द्यायची नाही, हा त्यांच्या गुरूचा पहिला धडा. हवा जपायची, गालात साठवायची, संपण्याआधी भरायची. जो गुण हाताला यश देत होता तोच आता छातीवर बसला होता. चाळीस वर्षांची कसरत उलटी करायची होती. घेताना दोन मोजायचे, सोडताना चार. सोडायचं म्हणजे सोडायचंच, पोट आत जाईपर्यंत. सोडून झाल्यावर एक क्षण सगळं रिकामं व्हायचं आणि अण्णा घाबरायचे. कंजूस माणसाला खिसा उलटा करून दाखव म्हटल्यावर होईल तशी त्यांची गत. पण मग पुढचा श्वास आपणहून आत यायचा, खोल, बिनओढाताणीचा. महिनाभराने एका सकाळी ते जिना चढून वर गेले आणि काकूला म्हणाले, "अगं, मी थांबलो नाही मधे." काकूने नुसते हात जोडले, कोणाला ते तिलाही ठाऊक नव्हतं.

आम्लाच्या वाटीची वेळ त्यांनी अशीच भरून काढली. डाग वाटीत, आणि अण्णा उंबऱ्यात, दहा लांब श्वास सोडत. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाटाच्या वर धूर बाहेर ओढणारा पंखा बसवला, काम दिवसाला दोन तासांवर आणलं. संध्याकाळी चालायचं. आधी तीन दिव्यांच्या खांबांपर्यंत, मग पाच, मग बागेच्या फाटकापर्यंत. दोन पावलं श्वास आत, चार पावलं बाहेर. घड्याळवाला दारात उभा राहून वेळ लावायचा आणि ओरडायचा, "काल यापेक्षा अकरा सेकंद लवकर आला होतास, फुंक्या! वाटेत कोण भेटलं?" गल्लीतली पोरंसोरं हसायची. अण्णाही हसायचे, आणि हसून दम लागत नाही हे लक्षात येऊन आणखी हसायचे.

पाचव्या महिन्यात मात्र घोडं पेंड खायला लागलं. साधी सर्दी झाली, छातीत उतरली, आणि अण्णा आठ दिवस दवाखान्यात. बोटाचा चिमटा शहाऐंशी दाखवायला लागला. नाकाला नळी लागली. काकू घरी गेली तेव्हा तिने पाटावरचा दिवा पुसून जागेवर ठेवला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आज आकडा सत्त्याऐंशी आहे. पण आजारपणातल्या आकड्यावर मी यंत्र ठरवत नाही. सहा आठवडे देतो. तोवर ऑक्सिजन घरी ठेवा, ज्योत बंद. मग शेवटचं काय ते ठरवू."

सहा आठवडे पुढच्या खोलीत अंधार होता. भाड्याचं यंत्र कोपऱ्यात घरघरायचं. अण्णा पाटाकडे पाठ करून बसायचे. गॅसवाले दोघे येऊन गेले, "तुमची बारीक कामं आम्ही सांभाळतो" म्हणाले. चांगल्या मनाने म्हणाले, पण अण्णांना ते सांत्वनाला आल्यासारखे वाटले. चौथ्या दिवशी मात्र ते उठले. नाकाला नळी लावूनच खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लागले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो पीळ अण्णांनी पहिल्यांदाच कामाला लावला. दोन आत, चार बाहेर. रोज. कंटाळा आला तरी, रडू आलं तरी.

तपासणीचा दिवस उजाडला. दवाखान्याच्या लांब पडवीत फरशीवर दोन रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या. त्यांच्यामध्ये सहा मिनिटं येरझाऱ्या घालायच्या, नळीशिवाय, बोटाला चिमटा लावून. तीच व्यायामाची मुलगी हातात घड्याळ घेऊन उभी. काकू भिंतीशी बाकावर, पदराचं टोक मुठीत आवळून.

अण्णा निघाले. पहिल्या दोन फेऱ्या छान. तिसऱ्या मिनिटाला छाती आवळायला लागली आणि जुनी सवय उसळून वर आली. भर, आणखी भर, तुटू देऊ नकोस. पाऊल अडखळलं. काकू अर्धी उठली. मुलीने हातानेच तिला थांबवलं. अण्णा भिंतीला टेकले, खांदे सैल सोडले, ओठांचा चंबू केला आणि सोडत गेले, सोडत गेले, पार तळापर्यंत. मग निघाले. चौथं मिनिट. पाचवं. समोरून ढकलगाडी आली तर तिला हाताने बाजूला व्हायला सांगितलं, आपण थांबले नाहीत. "वेळ झाली, काका," मुलगी म्हणाली तेव्हा ते पट्टीच्या चार पावलं पुढे होते आणि आणखी चालायच्या बेतात होते.

डॉक्टरांनी कागद खालून वर वाचला, वरून खाली वाचला. काकूला वाटलं हा माणूस मुद्दाम हळू वाचतो. "बसून एक्क्याण्णव. चालताना सर्वांत कमी एकोणनव्वद. आणि सहा महिन्यांपूर्वी याच पडवीत चाललात त्यापेक्षा नव्वद मीटर जास्त." त्यांनी चष्मा काढला. "फुप्फुसं तीच आहेत हं, काका, ती सुधारलेली नाहीत. तुम्ही सुधारलात. यंत्र परत पाठवा."

अण्णांनी मनात मोठं भाषण जुळवून ठेवलं होतं. ते सुरू व्हायच्या आत काकूच पुढे सरकली. चाळीस वर्षं ही बाई भिंतीवरच्या काजळीच्या नावाने बोटं मोडत आली होती. पडदे काळे, छत काळं, तुमचा तो दिवा एकदाचा जाऊ दे, म्हणत आली होती.

"डॉक्टर," ती म्हणाली, "मग दिवा? दिवा लावू द्याल ना त्यांना?"

"पंखा चालू ठेवून, खिडकी उघडी ठेवून, दोनच तास. यंत्र घराबाहेर गेलं की लावा."

आणि अण्णा रडले. दवाखान्यात, डॉक्टरांसमोर, व्यायामाच्या पोरीसमोर, लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. आपण जिंकलो हे त्यांना त्या घटकेला कळलं आणि ते लपवावंसं वाटलं नाही.

काकूने पदराने त्यांचे डोळे पुसले आणि मग स्वतःचे. "रडू नका हो इतकं," ती घाबरून म्हणाली, "दम लागेल."

"लागू दे गं," अण्णा म्हणाले. "आता मला सोडता येतो."